परतीच्या एसटीपासून मागे: कोल्हापूरभोवतीच्या भावंडांच्या स्वस्त सहली (प्रकल्प नोंदी)

१ जून २०२५, रविवार

प्रकल्पाच्या मर्यादा ठरवल्या. दोन भावंडे, एक दिवस, मुक्काम नाही, भाड्याची गाडी नाही. दोघांचा मिळून खर्च ४०० रुपयांच्या आत. अंधार पडायच्या आधी परतीच्या गाडीत बसलेले असणे. प्रत्येक सहलीचे एका कागदावर मावेल एवढे पत्रक करायचे. ते खिशात ठेवता आले पाहिजे आणि वाचून दुसऱ्या कोणत्याही भावंडांना जाता आले पाहिजे.

पत्रकाची पहिली ओळ परतीच्या गाडीची, हे आजच पक्के केले. जाताना गाडी चुकली तर मागची मिळते. परतीची शेवटची चुकली की मागे काहीच नसते. मग वडाप (माणसे भरून नेणारी खासगी गाडी) शोधा, नाहीतर घरी फोन करा. म्हणून हिशोब उलटा मांडायचा. समजा गावातून शेवटच्या दोन गाड्या ४:४५ आणि ६ च्या आहेत. आखणी ४:४५ ची, ६ ची राखीव. थांब्यावर २० मिनिटे आधी, म्हणजे ४:२५. गडावरून थांब्यापर्यंत पाऊण तास, म्हणजे ३:४० ला पाठ फिरवायची. ही 'पाठ फिरवायची वेळ' पत्रकावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात. समोर कितीही चांगला बुरूज दिसत असला तरी ३:४० म्हणजे ३:४०.

गाड्यांच्या वेळा पत्रकावर छापायच्या नाहीत, जागा कोरी ठेवायची. वेळापत्रक बदलते, आणि खेड्यातल्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजसाठी असल्याने रविवारी नि सुट्टीत बंद असतात. निघताना स्टँडच्या चौकशी खिडकीवर विचारायचे, नंतर गाडीत कंडक्टरला पुन्हा विचारायचे: "परतीला शेवटची कधी, आणि ती आज आहे का?" यातला 'आज' महत्त्वाचा. दोन उत्तरे जुळली तरच आकडा पेनाने लिहायचा.

८ जून २०२५

भाड्याचा तक्ता. एसटीचे भाडे टप्प्यावर चालते आणि टप्पा ६ किलोमीटरचा. जानेवारी २०२५ च्या वाढीनंतर साध्या गाडीचा टप्पा साधारण १० रुपयांना पडतो. पन्हाळा वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे चार टप्पे, पूर्ण तिकीट चाळिसाच्या आसपास. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. त्यामुळे बहीण-भाऊ असतील तर एका वेळचे ६०, जाऊन-येऊन १२०. दोघी बहिणी असल्या तर ८०. दोघे भाऊ असले तर १६०. १२ वर्षांच्या आतले भावंड असेल तर त्याचेही निम्मे.

दुचाकीचा हिशोब शेजारी मांडून पाहिला. पन्हाळा जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, म्हणजे जवळपास लिटरभर पेट्रोल, शंभराच्या वर. पैशात फारसा फरक नाही. फरक चालण्यात पडतो. गाडी जिथे लावली तिथेच परत यावे लागते. एसटीने गेले तर एका गावात उतरून दुसऱ्या गावातून बसता येते. पन्हाळ्यावर उतरायचे, दानेवाडीच्या वाटेने चालत जोतिबाला जायचे आणि वाडी रत्नागिरीतून, म्हणजे जोतिबाच्याच गावातून, एसटी धरायची, हे दुचाकीने जमत नाही. या प्रकल्पात एसटी ठेवण्याचे खरे कारण हेच.

जोतिबाचा वार रविवार, त्यामुळे गर्दी रविवारी आणि गाड्याही रविवारीच जास्त. म्हणून हे पत्रक मुद्दाम रविवारचे: सुरुवात पन्हाळ्याला, शेवट जोतिबाला. उलटे केले तर दुपारनंतर तुलनेने रिकाम्या वाटेवर गाडीची वाट पाहावी लागेल. चैत्र यात्रेच्या दिवसांत हे पत्रक बाजूला ठेवायचे. आणि गुलाल. बाहेरची पिशवी पांढरी नको, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत हवा. गुलाल चार्जिंगच्या भोकात जातो आणि ओल लागली की तिथेच घट्ट बसतो.

सुट्टे पैसे: दहाच्या नोटा दहा, वीसच्या पाच. कंडक्टरच्या मशीनवर ऑनलाइन पैसे जातात, पण घाटात रेंज गेली की नोटच लागते.

२२ जून २०२५

पिशवी आणि कामाची वाटणी.

पाणी माणशी दोन लिटर, एप्रिल-मेमध्ये तीन. एकच मोठी बाटली नको, एक-एक लिटरच्या दोन. एक संपली की निम्मे पाणी गेले हे न मोजता कळते. विजेरी एक, कारण विहिरी, कोठारे आणि लेण्यांत मोबाईलच्या उजेडाने पायरीची कड नीट दिसत नाही. जाड दोरीचा तुकडा, मीठाची पुडी (गगनबावडा-दाजीपूर बाजूला पावसात जळवा लागतात, मीठ टाकले की सुटतात, ओढून काढल्या तर जखम वाहत राहते), रुमाल दोन, जुने वर्तमानपत्र. वर्तमानपत्र बसायला, ओल टिपायला आणि भिजलेल्या बुटात कोंबायला.

वाटणी अशी: एकाकडे घड्याळ, दुसऱ्याकडे पिशवी. घड्याळवाला परतीची वेळ सांभाळतो आणि त्याचा शब्द शेवटचा. पिशवीवाला पाणी-खाणे-पैसे बघतो. जेवणानंतर अदलाबदल. सकाळचे घड्याळ धाकट्याकडे द्यावे असे आमचे ठाम मत आहे. एरवी ताई किंवा दादाच सगळे ठरवत राहतात, धाकटे मागून ओढल्यासारखे चालते आणि अकरा वाजता कंटाळते. घड्याळ हातात आले की तेच पुढे होते. वेग मात्र दोघांतल्या हळू चालणाऱ्याचा. डांबरी रस्त्यावर तासाला ४ किलोमीटर आणि गडावर, पठारावर बघत-बघत अडीच, असे धरून सगळी पत्रके लिहिली आहेत.

खाण्यात भाकरी-खर्डा पहिला, पण खर्ड्यात लिंबू पिळायचे ते जेवताना. आधी पिळले तर डब्यात पाणी सुटते. उन्हाळ्यात दहीभात नको, अकरापर्यंत आंबतो. दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, कारण त्या दुधात भिजवलेल्या असतात. मधल्या भुकेला भडंग, आणि त्याचे प्रमाण दोघांना दिवसभर पुरेल असे:

चिरमुरे २५० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, तेल ५ मोठे चमचे, लसूण १५ पाकळ्या सालीसकट ठेचून, कढीपत्ता मूठभर, हळद अर्धा चमचा, कांदा-लसूण मसाला २ चमचे, पिठीसाखर २ चमचे, मीठ. आधी कोरडे चिरमुरे मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतायचे. बोटात दाबल्यावर पीठ झाले पाहिजे. ते काढून ठेवायचे. तेलात शेंगदाणे, मग लसूण तांबूस, मग कढीपत्ता. गॅस बंद. मसाला, हळद, मीठ आता घालायचे, कारण चालू गॅसवर कांदा-लसूण मसाला दहा-पंधरा सेकंदात करपतो आणि सगळे भडंग कडवट होते. मग चिरमुरे, शेवटी पिठीसाखर. ताटात पसरून पूर्ण गार करूनच डबा लावायचा. कोमट असताना झाकण लावले की आतल्या वाफेने सादळते, आणि सादळलेले भडंग पुन्हा भाजले तरी पहिल्यासारखे होत नाही.

२० जुलै २०२५

पावसाळी नियम. कोल्हापुरात पावसाळी सहलीला हो किंवा नाही म्हणायला एक आकडा पुरतो: राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. बातम्यांत रोज असतो. आमचा नियम याहून कडक: बंधारा पाण्याखाली गेला की नदीकाठचे, ओढ्याचे, धबधब्याचे प्रत्येक पत्रक बंद. पातळी चढती असेल तर ३५ फुटांनाच पन्हाळा-जोतिबाही बंद. गडावर पाणी येत नाही, पण पूर वाढला की रत्नागिरी रस्त्यावर केर्लीच्या आसपास पाणी येते आणि परतीची वाट तुटते. सकाळी जाताना रस्ता कोरडा असला तरी राधानगरी-गगनबावडा पट्ट्यात पडलेले पाणी उशिराने पोचते. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या सगळ्यांचे पाणी शेवटी पंचगंगेलाच येते.

बंधाऱ्यांविषयी वेगळी ओळ. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणजे दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसणारे बरगे (फळ्या). पावसाळ्याआधी बरगे काढतात, पाऊस सरल्यावर घालतात. बरगे काढलेल्या गाळ्यातून पाणी वरून संथ दिसते, पण आत खेच जबरदस्त असते आणि माणूस खांबाला दाबला जातो. म्हणून बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पोहणे कोणत्याच महिन्यात नाही, आणि बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना घोट्याएवढे असले तरी ओलांडणे नाही.

पावसात जमणारे ओढ्याचे पत्रक एकच ठेवले, तेही राजाराम बंधारा पाण्याखाली जाईपर्यंतच: पळसंबे. गगनबावडा रस्त्यावर, गगनबावड्याच्या थोडे आधी. ओढ्यातच अखंड दगडात कोरलेली रामलिंगाची छोटी मंदिरे आहेत आणि पाणी त्यांच्या अंगावरून वाहते. ओढ्याचे पाणी गढूळ झाले, त्यात काटक्या-पाने वाहू लागली की वर जोराचा पाऊस झालेला असतो; तेव्हा ताबडतोब बाहेर. बाकी दिवस दगडावर शेवाळ असते, चप्पल नको, खाचांचा तळवा असलेला बूट हवा.

जोराच्या पावसासाठी शहरातले अर्ध्या दिवसाचे पत्रक: टाऊन हॉल वस्तुसंग्रहालय (सोमवारी बंद), तिथे ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू पाहणे, मग खासबाग हे कुस्त्यांचे मैदान. संध्याकाळी पाऊस उघडला तर रंकाळा, आणि भेळ. एवढ्यात शंभर-दीडशे रुपये पुरतात.

१४ सप्टेंबर २०२५

मसाई पठाराचे पत्रक. फुलांचा हंगाम साधारण याच महिन्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या भागात. पठारावर जांभ्या दगडाचा सपाट थर आहे. माती बोटभर, कुठे तीही नाही. पाऊस खळग्यांत साठतो, मातीत अन्न कमी, म्हणून मोठी झाडे धरत नाहीत आणि लहान फुलांना मोकळी जागा मिळते. सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवं. अन्न कमी असल्यामुळेच इथे किडे खाणाऱ्या वनस्पती दिसतात: सीतेची आसवं त्यातलीच, तिचे सापळे ओल्या मातीत असतात, आणि दवबिंदू, जिच्या पानावरच्या चिकट थेंबांना चिलटे अडकलेली असतात. दवबिंदू उभ्याने दिसत नाही. गुडघे टेकून, चेहरा जमिनीपासून वीतभर आणून, तिरप्या उन्हात पाहावी लागते. भिंग असेल तर न्यावे. पन्नास-साठ रुपयांच्या भिंगाने ही सहल पुरी बदलते.

चालायचे फक्त गाडीवाटेवर किंवा उघड्या दगडावर. फुलांच्या गालिच्यात पाय पडला की ती बोटभर माती दबते आणि पुढच्या पावसात बी धरत नाही. पठार संवर्धन राखीव आहे. फूल तोडणे नाही, पिशवीत घालणे तर नाहीच.

धोके दोन. पहिला वीज. पठारावर आडोसा नाही, चालणारा माणूसच सगळ्यांत उंच. दुपारनंतर गडगडले की लगेच परत फिरायचे. छत्री मिटायची, एकमेकांपासून अंतर ठेवून चालायचे. दुसरा धोका धुके. गाडीवाटा एकमेकींना छेदतात आणि धुक्यात सगळ्या सारख्या. चढून आल्यावर प्रत्येक फाट्यावर मागे वळून मोबाईलमध्ये फोटो घ्यायचा. परतताना दिसणारे दृश्य तेच असते, समोरून काढलेला फोटो उपयोगी पडत नाही. एक मोबाईल पूर्ण वेळ बंद, शिल्लक बॅटरीसाठी.

पन्हाळ्यापासून म्हाळुंग्याच्या बाजूने पठारावर चालत येता येते. हीच वाट पुढे पावनखिंडीकडे जाते. पण पन्हाळा ते पावनखिंड हे एका दिवसाचे काम नाही. त्यासाठी मुक्काम, माहीतगार सोबत आणि वेगळी तयारी लागते, म्हणून ते या प्रकल्पात घेतलेले नाही.

१२ ऑक्टोबर २०२५

पन्हाळ्याचे पत्रक नव्याने लिहिले. जुलैत, ११ तारखेला, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले १२ किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे. सुट्टीच्या दिवशी गर्दी धरूनच आखावे लागेल. गर्दी टाळायचा उपाय म्हणजे उलट्या क्रमाने फिरणे नव्हे, उन्हाच्या क्रमाने फिरणे.

सकाळी आधी सज्जा कोठी, ती पूर्वेच्या कड्यावर आहे आणि सकाळचे ऊन समोरून येते. छत्रपती संभाजी महाराजांचे वास्तव्य इथे होते. अकरानंतर ऊन तापते, तेव्हा अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती ही तीन धान्यकोठारे. भिंती इतक्या जाड की भर दुपारी आत गारवा असतो. गंगा कोठी सगळ्यांत मोठी. धान्य वरून ओतायची भोके छतात आहेत, ती धाकट्याला शोधायला सांगायची. पाच मिनिटांत इमारत कशी चालत होती ते त्याचे त्याला कळते. जेवण इथल्या सावलीत. झुणका-भाकर आणि दही विकणाऱ्या बायका असतात, भाकरी घरची असली तरी दही इथलेच घ्यावे.

दुपारी तीन दरवाजा आणि शेजारची अंधार बाव. ही तीन मजली विहीर: तळाला पाणी, वर पहारेकऱ्यांना राहण्याची जागा. आत उतरताना विजेरी आणि एक हात भिंतीला. पायऱ्यांची मधली बाजू झिजून गुळगुळीत झालेली असते, पाय भिंतीकडच्या बाजूला टाकायचा. बाहेरून आत गेल्यावर डोळे सरावायला दोन-तीन मिनिटे तिथेच थांबावे; बहुतेक जण इथेच घाई करतात आणि घसरतात.

शेवटी पश्चिमेकडचा पुसाटी बुरूज. मावळतीचे ऊन तिथे, पण मावळती बघायची तर परतीची गाडी अंधारात येते. म्हणून पाठ फिरवायची वेळ सूर्यास्ताच्या तासभर आधीची. वेळ उरली तर राजदिंडी. १६६० च्या जुलैत, सिद्दी जौहरचा वेढा असताना, शिवाजी महाराज इथूनच विशाळगडाकडे निघाले. तिथे उभे राहून मसाई पठाराची दिशा बघावी. सप्टेंबरचे पत्रक आणि हे पत्रक इथे जोडले जाते.

तटाचा पूर्ण घेर सात किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात सगळा तट आणि सगळ्या इमारती दोन्ही होत नाहीत. धाकटे १० वर्षांच्या आतले असेल तर तट सोडावा.

खर्च, बहीण-भाऊ: एसटी १२०, दही आणि चहा ८०, नाक्यावरच्या करासाठी आणि अडीअडचणीला ५०.

९ नोव्हेंबर २०२५

रेल्वेचे पत्रक: कोल्हापूर, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर. पॅसेंजरचे तिकीट १० रुपयांपासून, म्हणजे एवढ्या अंतराला यापेक्षा स्वस्त काही नाही. त्या तिकिटावर एक्सप्रेसमध्ये चढायचे नाही, दंड होतो. रुकडीजवळ पंचगंगेचा पूल येतो, तेव्हा खिडकी धाकट्याची.

जयसिंगपूरहून एसटी किंवा वडापने नृसिंहवाडी (खाली नुसते 'वाडी'), पुढे कुरुंदवाड, खिद्रापूर. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे त्याची वेळ पत्रकात अर्धा तास जास्त धरली. खिद्रापूरच्या गाड्या कमी आहेत. म्हणून आधी खिद्रापूर गाठायचे आणि वाडी परतीला. वाडीतून संध्याकाळपर्यंत काही ना काही मिळतेच.

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले. स्वर्गमंडप ४८ खांबांचा, वर छत गोल उघडे, खाली तेवढीच गोल शिळा. दुपारी बाराच्या सुमाराला तिथे असावे. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उजेडाचे वर्तुळ शिळेच्या मधोमध न पडता उत्तरेकडे सरकते. मे महिन्याच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा ते मधोमध येते. दोन वेगळ्या महिन्यांत गेले आणि एकाच जागेवरून फोटो घेतले तर फरक स्वतः मोजता येतो. दुसरे, मंदिरासमोर नंदी नाही. तो कृष्णेपलीकडे कर्नाटकात यडूरला असल्याचे सांगतात. बाहेरच्या भिंतीच्या तळाशी हत्तींची रांग आहे, प्रत्येक हत्तीवर वेगळी आकृती. एकाने डावीकडून, एकाने उजवीकडून निघावे, आणि मागे भेटल्यावर आवडलेला हत्ती एकमेकांना दाखवावा.

वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम. घाटाच्या खालच्या पायऱ्या गाळाने निसरड्या, पाय धुवायचे तर साखळी धरून. खरेदीत कवठाची बर्फी पाव किलो. बासुंदी नको, घरी पोचेपर्यंत टिकवायला बर्फ लागतो. जयसिंगपुरात गाडीला वेळ असेल तर भडंग.

१४ डिसेंबर २०२५

गुऱ्हाळाचे पत्रक. हंगामात फुकट सहल हीच. करवीर, पन्हाळा भागात उसाच्या रानात धूर दिसला की गुऱ्हाळ. सकाळी नऊच्या आत पोचावे. चुलवाणाजवळ (रस उकळायच्या मोठ्या चुलीजवळ) जाण्याआधी मालकाला विचारावे. आदण (चुलीवरचा रस) उकळत असते तेव्हा गुळव्याचे (गूळ करणाऱ्याचे) लक्ष हलता कामा नये.

बघायचा क्रम: चरक्यातून रस, रस काहिलीत (मोठ्या पसरट कढईत), खाली चिपाडाचा जाळ. रस तापला की भेंडीचे चिकट पाणी घालतात. त्याला घाण चिकटून वर येते, तीच मळी, ती झाऱ्याने काढतात. आदण उतरायला अडीच-तीन तास. रस सोनेरी होतो, बुडबुडे लहान आणि जड होतात. काकवी (गुळाआधीचा पातळ पाक) हवी असेल तर ती गुळाच्या बऱ्याच आधी काढावी लागते, म्हणून आल्या-आल्या सांगावे. नंतर सांगून उपयोग नाही. गूळ ११८ अंशांच्या आसपास तयार होतो. गुळव्या थोडासा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. मग काहील वाफ्यात उलटतात, हलवतात आणि साच्यात भरतात.

काहिलीपासून सहा हात लांब. उकळता रस अंगावर चिकटून राहतो, पाण्यापेक्षा खोल भाजतो. चरक्याजवळ ओढणी, मफलर, मोकळे केस नको.

गूळ घेताना रंगावर जाऊ नये. पिवळाधमक रंग बहुतेक वेळा पावडरीने आणलेला असतो. तपकिरी, थोडा मऊ गूळ घ्यावा. पूर्ण गार झालेलाच, कागदात, मग पिशवीत. काकवीला रुंद तोंडाचा स्टीलचा डबा घरून न्यायचा, काठापर्यंत भरायचा नाही.

सायकलने जाणे परवडते, पण या महिन्यांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळणावर आतल्या बाजूला ओढला जातो, बाहेर आलेला ऊस हातभर जास्त जागा घेतो आणि मागे दिवा असेलच असे नाही. ट्रॉलीच्या डावीकडून पुढे काढायचे नाही. दोघांनी शेजारी-शेजारी नाही, मागेपुढे चालवायचे, मोठे मागे. साडेपाचला घराकडे तोंड. पत्रकावर सायकलची ओळ तांबड्या पेनाने लिहिली आहे.